खाडीतले चाळीस पोलीस

दुपारी सव्वाबाराला विशाखा तारीच्या फोनने तो ठरलेला किरटा आवाज काढला, आणि फोनकडे न बघताच तिने त्याला एक सणसणीत शिवी हासडली. बघायचं काय त्यात? पट्टा बंद, अठ्ठेचाळीस तास. खाली लाल अक्षरांत लिहिलेलं असणार: चालू हंगामातली नववी बंदी.

पौर्णिमा होती. उधाणाची भरती आत्ता टम्म भरली होती, आणि संध्याकाळी सहाला तितकीच खोल सुकती, म्हणजे ओहोटी, लागणार होती. खारेबांधच्या खाडीच्या तोंडाशी वाळूचा जो पट्टा एरवी कमरेइतक्या पाण्याखाली असतो, तो आज सगळा उघडा पडणार. तिसरे काढायचे ते अशाच दिवशी. तिसरे म्हणजे तुम्ही मुंबईकडे तिसऱ्या म्हणता तेच. दोन शिंपांच्या मधला बोटाच्या पेराएवढा जीव. वाडीतल्या बावीस बायका सकाळपासून पाट्या धुऊन बसल्या होत्या. आणि हा फोन म्हणतो, बसा घरी.

"काय म्हणतत आज तुझे पोलीस?" धाकटी जाऊ रसिका पडवीत येऊन उभी राहिली.

"माझे कसले गो? माझे असते तर कधीच कढईत गेले असते."

हे पोलीस म्हणजे चाळीस तिसरेच होते. ऑक्टोबरात शिंपला सुरक्षा केंद्राने खाडीच्या तोंडाशी एक तराफा आणून बांधला, त्याच्याखाली पिंजरा सोडला आणि पिंजऱ्यात हे चाळीस जण बसवले. कल्पना तशी साधी. तिसरा पाणी पिऊनच जगतो. शिंपा किंचित उघडायच्या, दोन बारक्या सोंडा बाहेर काढायच्या, एकीने पाणी आत घ्यायचं, त्यातलं शेवाळ गाळून खायचं आणि दुसरीने पाणी बाहेर टाकायचं. दिवसातून कित्येक लिटर. पाण्यात काही वंगाळ आलं की तो तोंड मिटून घेतो. प्रत्येकाच्या एका शिंपेवर तीळभर चुंबक चिकटवलेला आणि समोरच्या शिंपेवर त्या चुंबकाची ओढ मोजणारी टिकली. शिंप केसाइतकी हलली तरी पेटीला कळतं. एखाद-दुसरा मिटला तर पेटी दुर्लक्ष करते. तीसच्या वर एकदम मिटले आणि तासभर उघडले नाहीत, तर पाण्यात विषारी शेवाळ आलं असं धरून ती पट्टा बंद करते. पट्टा बंद झाला की थैलीवर लावायचं पट्ट्याचं छापील लेबल फोनमधून निघत नाही, आणि त्या लेबलाशिवाय २०४१ साली मालवणच्या बाजारात कोणी तिसऱ्याला हात लावत नाही.

विष खोटं नव्हतं, हे सांगायला हवं. समुद्र तापू लागल्यापासून ते शेवाळ वरचेवर फुलतं. तिसऱ्याला त्याने काही होत नाही, पण ते त्याच्या मांसात साठतं. माणसाने खाल्लं की आधी ओठ बधिर होतात, मग हातपाय, मग छाती. शिजवून ते जात नाही. तीन वर्षांपूर्वी दक्षिणेकडे एका लग्नाच्या पंगतीत चार माणसं गेली, तेव्हापासून हा सगळा कायदा. त्या कायद्यात एक कलम असं की एका हंगामात बारा बंद्या झाल्या तर तो पट्टा धोक्याचा ठरतो आणि तिथला काढणीचा हक्क कायमचा रद्द होतो. नऊ झाल्या होत्या. आणि हंगाम संपायला अजून अडीच महिने होते.

विशाखाने फोन उचलला आणि भाचीला लावला. तन्वी तिच्या थोरल्या बहिणीची मुलगी, केंद्रात शास्त्रज्ञ. हा तराफा तिनेच बसवला होता, आणि त्याची राखण करायचं काम हौसेने मावशीला दिलं होतं.

"तन्वी, गो बाय, तुझी पेटी खोटा बोलता."

"मावशी, पेटी काही बोलत नाही. तिसरे बोलतात, पेटी फक्त मोजते."

"मगे तिसरे खोटे बोलतत."

"तिसऱ्याला कशाला खोटं बोलायचं असेल?"

"आणि मगे दर अवस-पुनवेकच कसे तोंड मिटतत? बरोबर आमच्या सुकतीच्या दिवशी?"

"तेच तर मी सांगतेय. उधाणाबरोबर बाहेरचं पाणी आत येतं, त्याबरोबर शेवाळ येतं."

"आठ वेळा नमुने पाठवलंस. आठ वेळा काय गावला?"

नमुन्याचा निकाल यायला दहा दिवस लागायचे, आणि आठही निकाल स्वच्छ आले होते. "काही सापडलं नाही म्हणजे काही नव्हतंच असं होत नाही," तन्वी म्हणाली, पण तिचा आवाज शाळेतल्या बाईंसारखा झाला होता. विशाखाने फोन ठेवला. शहाण्या माणसाशी भांडायची एक पंचाईत असते, ती म्हणजे त्याच्याकडे उत्तर नेहमी तयार असतं.

त्या संध्याकाळी पट्टा उघडा पडला. नुसता चांदीसारखा वाळूचा पट्टा, त्यावर तिसऱ्यांच्या सोंडांची जोडीजोडीने भोकं, आणि बावीस बायका किनाऱ्यावर हाताची घडी घालून. काढायचे नाहीत, तर बघायला तरी का आल्या, असं कोणी विचारलं नाही. विशाखाच्या डोक्यात नुसता जाळ झाला होता.

पुढच्या अमावास्येला तिने आपल्या पद्धतीने शोध लावायचं ठरवलं. सकाळीच पट्ट्यावरचे सहा बारके तिसरे तिने एका जाळीच्या पिशवीत घातले, होडी वल्हवत तराफ्याकडे गेली आणि ती पिशवी पिंजऱ्याला बांधून दिली, अशी की पाण्याखालच्या कॅमेऱ्यात दोन्ही दिसावेत. मग तराफ्यावर फतकल मारून फोन बघत बसली. अकराला उधाणाचं पाणी आत शिरू लागलं. साडेअकराला एक पोलीस मिटला. मग दोन, मग सात, मग भराभर सगळे. आणि शेजारच्या पिशवीतले सहा? सोंडा बाहेर काढून ढसाढसा पाणी पीत होते.

विष असतं तर हे सहा मेले आधी मिटले नसते? पाणी एकच, वेळ एकच. मग फरक कशात? फोनने आवाज काढला, दहावी बंदी. फरक कशात ते तिला चांगलं माहीत होतं. तीच तर घेऊन आली होती त्या चाळीस जणांना.

झालं होतं असं. ऑक्टोबरात तन्वीने सांगितलं, तराफ्याच्या दोनशे मीटरच्या आतले, चांगले थोराड चाळीस तिसरे हवेत. बारक्यांच्या शिंपेवर टिकली मावत नाही. आता दरवर्षी काढणी होते त्या पट्ट्यावर थोराड तिसरा राहील कशाला? खाडीच्या तोंडाशी थोराड तिसरे एकाच जागी असतात, काळ्या खडकाखालच्या राखणेत. ती जागा राखणदाराची, खाडी राखणाऱ्या देवाची. तिथला तिसरा कोणी काढत नाही, आजवर कोणी काढलेला नाही, आणि विशाखाच्या सासूच्या सासूनेसुद्धा कारण विचारलं नव्हतं. म्हणून विशाखा आणि रसिका होडी घेऊन दीड मैल वर गेल्या, कांदळवनातल्या चिखलात मांडीभर रुतल्या आणि तिथले बाबाआदमच्या काळातले चाळीस तिसरे काढून घेऊन आल्या. तन्वी त्या दिवशी तापाने फणफणली होती. मावशीनेच आणलेत म्हटल्यावर तिने फॉर्मवरच्या "माझ्या समक्ष, दोनशे मीटरच्या आतून" या ओळीखाली डोळे मिटून सही ठोकली. तिसरे ते तिसरे, त्यात काय, असं दोघी जावांना वाटलं होतं.

पण वरच्या खाजणातलं पाणी अर्धं गोडं. हे तिसरे घरी आणले की वाळू सोडायला त्यांना समुद्राच्या पाण्यात ठेवत नाहीत, खाडीचंच पाणी कळशीने आणतात. निव्वळ खाऱ्या पाण्यात ते तोंडच उघडत नाहीत. हे वाडीतलं शेंबडं पोर सांगेल. भांगाच्या दिवसांत, पाण्याची चढउतार कमी असते तेव्हा, तोंडाशीही नदीचं पाणी मिसळलेलं असतं, म्हणून पोलीस खुशाल असायचे. उधाणाला कडक खारं पाणी घुसलं की हे म्हातारे दातखिळी बसवून बसायचे. पाच महिने खाडी विषाने नव्हे, मिठाने बंद पडत होती.

"गप रव," विशाखाने घरी येऊन हे सांगितलं तेव्हा रसिका म्हणाली. "कोणाक सांगू नको. आपण गुपचूप बदलून टाकूया."

"टिकले कोण चिकटवतला? तू?"

"मगे सांगलंस तर तन्वीची नोकरी जायत. आणि वाडी आपल्याक काय म्हणात?"

विशाखाने दोन दिवस तोंड मिटून काढले. तिसऱ्या दिवशी कुडाळला तन्वीच्या खोलीवर जाऊन सगळं सांगून टाकलं. पट्टा गेला असता तर बावीस घरांच्या तोंडाकडे ती कशी बघणार होती?

तन्वी म्हणाली, "मावशी, मी उधाण आणि शेवाळ यावर निबंध लिहिला. तो परिषदेत वाचून दाखवला. लोकांनी टाळ्या वाजवल्या." आणि मग एकदम चिडून, "तू मला फक्त एवढं सांगायचं होतंस, की राखणेतले काढता येत नाहीत. मी दुसरी सोय केली असती."

"तू विचारलंस खय?"

"तुला विचारायचं सुचायला मला आधी माहीत नको?"

दोघी बरोबर होत्या, त्याने भांडण आणखीच वाढलं. तन्वीने स्वतःच वर कळवलं. चौकशी बसली. चौकशी चालू आहे म्हणून पेटी बंद ठेवता येईना, पेटी चालू म्हणून पौर्णिमेला अकरावी बंदीही होऊन गेली. विशाखाने केंद्राच्या साहेबांना हात जोडून विचारलं, चूक कबूल आहे, तर या अकरा खोट्या बंद्या पुसा ना. साहेब सज्जन होता. त्याने संगणक तिच्याकडे फिरवून दाखवला: झालेली नोंद पुसायची सोयच त्यात ठेवलेली नव्हती. लबाडी होऊ नये म्हणून. तन्वीला तराफ्यावरून काढून रत्नागिरीच्या कचेरीत टेबलाशी बसवलं. आणि एक नवा नियम आला, तन्वीनेच जाता जाता सुचवलेला: पोलीस मिटले की पेटीने परस्पर बंदी करायची नाही, आधी तराफ्याच्या राखणदारीण बाईला, म्हणजे विशाखाला, विचारायचं, खरी की खोटी. अर्ध्या तासात तिने उत्तर द्यायचं.

राहिला प्रश्न नव्या पोलिसांचा. ते राखणेतूनच काढावे लागणार होते. वाडीची बैठक बसली, बायका कडाकडा भांडल्या, दोघी-तिघी रडल्या. शेवटी एका भांगाच्या सकाळी सगळ्या काळ्या खडकापाशी जमल्या. नारळ ठेवला, आणि गाऱ्हाणं विशाखानेच घातलं.

"खाडीच्या राखणदारा म्हाराजा, पाच महिने आमी चुकीचे शिपाय उभे केलव, तेची शिक्षा भोगलव. आता तुझ्या राखणेतले चाळीस जीव आमका चाकरीक दी. तेंका कोण खावचा नाय, कोण इकूचा नाय."

"व्हय म्हाराजा," बायका म्हणाल्या.

"आणि तेंका काय दिसला तर तेंनी खरा सांगूचा. आमका बरा वाटूसाठी खोटा सांगू नये."

"व्हय म्हाराजा," बायका म्हणाल्या, पण जरा हळू.

नवे पोलीस शहाणे निघाले. अमावास्येचं उधाण आलं आणि गेलं, एकानेही तोंड मिटलं नाही. त्या संध्याकाळी बावीस पाट्या शिगोशीग भरल्या. पौर्णिमेलाही तेच. रसिकाची मुलगी श्रावणी बाळंतपणासाठी माहेरी आली होती, सातवा महिना लागला होता. तिला तिसऱ्यांच्या एकशिपीचे, एका शिंपेसकट केलेल्या कालवणाचे, डोहाळे लागले होते आणि ती वाटीला वाटी रिचवत होती. अकरा झालेल्या होत्या, पण हंगाम संपायला तीनच आठवडे उरले होते. एवढे निभावले की आकडा पुन्हा शून्यावर. विशाखा पाच महिन्यांत पहिल्यांदा धड झोपू लागली.

अष्टमीचा दिवस. भांग असल्याने सुकती पुचाट, दुपारच्या सुमाराला मांडीपर्यंत पाणी. तरी पंधराएक बायका उतरल्या होत्या, पायाने वाळू चाचपत, बुडी मारून वर येत. अकराला विशाखाच्या गळ्यातला फोन वाजला.

चाळीसपैकी अडतीस मिटले. खरी की खोटी? तीस मिनिटं.

तिला पहिल्यांदा हसूच आलं. मग तिने एकेक कारण बोटावर मोजलं. मीठ? आज भांग, उधाण नाही. पिंजरा कोणी हलवला? कॅमेऱ्यात पिंजरा स्थिर, शेजारी मासासुद्धा नाही. गढूळ पाणी? पाणी तळ दिसेल इतकं नितळ, फक्त तराफ्याच्या बाजूला चहाच्या पाण्यासारखी किंचित झाक, आणि तीही उन्हाने वाटत असेल.

"रसिका, तुका आज तिसरे वरती गावतत?"

"खय गो? मेले खाली जाऊन बसलेत. मनगटभर हात घालूक लागता."

विशाखाने वाकून स्वतः हात घातला. वाळूवर सोंडांचं एक भोक नव्हतं. खाली जे लागले ते घट्ट मिटलेले, दगडासारखे. पिंजऱ्यातल्यांनाच नव्हे, सगळ्या पट्ट्यालाच काहीतरी आवडलं नव्हतं. रसिकाने तिच्या गळ्यातला फोन पाहिला आणि तिला न सांगता समजलं.

"खोटी दाब," रसिका हळूच म्हणाली.

"खोटी नाय वाटणा."

"वाटणा नाय म्हणजे? तू काय शास्त्रज्ञ? अकरा वेळा खोटी झाली, तेव्हा कोणी आपल्याक विचारल्यानी? आज विचारतत तर म्हण खोटी. ही बारावी, विशाखा. खरी दाबलंस तर पट्टो गेलो. तुझो, माझो, सगळ्यांचो."

"आणि खरा असला तर?"

"आजवर कधी झाला काय? आपल्या खाडीत कोण मेला?"

विशाखाने रत्नागिरीला फोन लावला. तन्वीने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मावशी, मला आता त्यात बोलायची परवानगी नाही."

"परवानगी ऱ्हवांदे. तू काय केला असतंस?"

"मला इथून फक्त भिंत दिसते. पाणी तुला दिसतंय."

सतरा मिनिटं उरली होती. बायका एकेक करून जवळ आल्या, त्यांनाही कळलं होतं. कोणी काही म्हणालं नाही, तेच वाईट होतं. शिव्या दिल्या असत्या तर तिने उलट दिल्या असत्या. कसला हा नियम, आणि कसला हा न्याय? पाच महिने ही पेटी खोटं बोलली तेव्हा विशाखाचा शब्द कोणी मानला नाही, आणि आता सगळं गाव बुडवायची वेळ आली तेव्हा शब्द तिचाच. तन्वीने सुचवलेला नियम होता, मान म्हणून दिलेला. असला मान चुलीत घालावा. तिला इतका संताप आला की डोळ्यांत पाणी उभं राहिलं. रसिकाच्या पाटीत शेर-दीड शेर तिसरे होते, श्रावणीसाठी काढलेले.

विशाखाने "खरी" दाबलं.

"पाट्यो रिकाम्यो करा," ती म्हणाली. "सगळ्यांनी. घरात सकाळचे असले तर ते पण."

बायकांनी पाट्या उलट्या केल्या. रसिकाने सगळ्यात शेवटी केली, विशाखाच्या पायांवर. "आता घरात बसान चाटत ऱ्हव तुझो खरेपणा," ती म्हणाली आणि पाण्यातून थेट घराकडे चालू लागली.

दहा दिवस विशाखाशी कोणी बोललं नाही. विहिरीवर ती गेली की बायकांच्या कळशा लवकर भरत. श्रावणी तर काकीला बघितलं की दार लावून घेई, कारण एकशिपी तुटली ती काकीमुळे, आणि आईच्या डोळ्यांचं पाणी खळत नव्हतं तेही काकीमुळे. हक्क रद्द झाल्याचा कागद आठव्या दिवशी आला. अकराव्या दिवशी तन्वीचा फोन आला.

"मावशी, निकाल आला. विष होतं. मर्यादेच्या नऊपट."

"म्हणजे मी बरोबर होतंय?"

"हो."

"मगे पट्टो परत गावतलो?"

"नाही. बारा म्हणजे बारा, असं म्हणतात. मी तीन अर्ज केले, मावशी. आणखी करीन."

"अकरा वेळा खोटा बोलले, ती मोजल्यानी. एकदा खरा बोलले, ती पण मोजल्यानी. मगे खऱ्याखोट्यात फरक काय ऱ्हवलो?"

"साध्या माणसाला मरायला एक ताट पुरलं असतं," तन्वी एवढंच म्हणाली. "पोटुशीला त्याहून कमी."

विशाखा निघाली ती थेट रसिकाच्या दारात जाऊन उभी राहिली. रसिका अंगणात सुकं, म्हणजे सुकी मासळी, निवडत होती. तिने वर बघितलं नाही. विशाखाने उभ्याउभ्याच सांगितलं, नऊपट, एक ताट, सगळं.

रसिकाचे हात थांबले. "शिजवून पण?"

"शिजवून पण."

रसिका सुक्याचं सूप बाजूला सारत म्हणाली, "पट्टो गेलो तो गेलोच मा?"

"गेलो."

"मगे मी तुका काय म्हणू? बरा झाला म्हणू?"

"काय म्हणू नको."

"श्रावणीक ह्या सांगू नको," रसिका म्हणाली. "उगीच भिऊन बसात. तुझ्यावर राग असा तिचो, तो ऱ्हवांदे."

"ऱ्हवांदे," विशाखा म्हणाली.

तेवढ्यात श्रावणी आतून पडवीत आली. तिने काकीला बघितलं, कपाळाला आठी घातली आणि तोंड फिरवून तरातरा आत निघून गेली. सातव्या महिन्याच्या मानाने चांगलीच तरातरा.